एक रुपयाचं तिकीट: बाकीचे पैसे कोणी भरले?

विमान हा आपला विषय नव्हे, असं आमच्यातले काही शहाणे म्हणतात. ज्याच्या खिशात लोकलच्या पासाचे पैसे जेमतेम निघतात त्यानं विमानाच्या भाड्यावर कशाला लिहावं? लिहायला बेकारी आहे, झोपडपट्टी आहे, महागाई आहे. बरोबर आहे. पण मी त्यांना जुलै २०२४ मधली कलिना आठवायला सांगतो. विमानतळावर सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या लोडरची भरती होती. जागा दोन हजारांच्या आसपास, आणि पोरं आली त्याच्या कितीतरी पट. गेटवर चेंगराचेंगरी व्हायची वेळ आली. शेवटी अर्ज टाका आणि घरी जा, असं सांगून पोरांना वाटेला लावलं. त्या गर्दीत पदवीधर होते. ही गर्दी विमानात बसायला आलेली नव्हती, विमानाच्या पोटात वाकून बॅगा रचायला आली होती. तेव्हा विमान हा आपला विषय आहे. फक्त आपण त्याच्याकडे खालून बघतो.

खालून बघणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हिशेबाचा. स्पर्धा आली म्हणून विमान स्वस्त झालं, असं वर्तमानपत्रवाले आणि अर्थशास्त्राचे मास्तर एका सुरात सांगतात. झालं ना स्वस्त, मी कुठं नाही म्हणतो? पण स्वस्त झालं म्हणजे नेमकं काय झालं? खर्च खरोखर कमी झाला, की खर्च तेवढाच राहिला आणि तो भरणारा माणूस बदलला? पहिलीला काटकसर म्हणतात. दुसरीला पिळवणूक. आणि आपल्याकडच्या विद्वानांनी दोन्ही एकाच पोत्यात भरून पोत्यावर ‘कार्यक्षमता’ असा शिक्का मारलाय. हे पोतं मला फोडायचंय.

आधी जुन्या दिवसांचं बघू. १९५३ साली सरकारनं खाजगी विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. देशातल्या देशात इंडियन एअरलाइन्स, परदेशी जायला एअर इंडिया. पुढची चाळीसएक वर्षं मैदानात दुसरं कोणी नाही. या काळाच्या नावानं गळा काढणारे डावे मित्र मला भेटतात. मी त्यांना विचारतो, त्या विमानात बसायचं कोण? मंत्री, साहेब, शेटजी, नट. मालकी सार्वजनिक, आणि पब्लिक कुंपणाबाहेर उभं राहून टाटा करणार. तेव्हा त्या दिवसांचं रडगाणं मला गायचं नाही. स्पर्धेला शिव्या देणं सोपं आहे. स्पर्धेनं काय केलं आणि काय केलं नाही ते नीट बघणं अवघड.

१९९१ नंतर दार उघडलं. १९९२ ला ईस्ट-वेस्ट उडाली. १९९३ ला जेट, दमानिया, मोदीलुफ्त, सहारा. १९९४ ला तो १९५३ चा कायदाच रद्द झाला. पण गिऱ्हाईक तेच राहिलं. त्याच साहेबाला जास्त चांगलं जेवण आणि जास्त गोड हसणं मिळू लागलं, एवढाच फरक. खरा दणका दिला २००३ साली कॅप्टन गोपीनाथांच्या एअर डेक्कननं. जेवण काढलं, सीटा वाढवल्या, लहान गावांना विमान नेलं, आणि काही सीटा एक रुपयाला विकल्या. आयुष्यात ज्यांनी विमान फक्त डोक्यावरून जाताना बघितलं होतं अशी माणसं पहिल्यांदा आत बसली. ही गोष्ट लहान नाही. तिची टिंगल करणारा माणूस पांढरपेशा असतो, हे खुशाल समजावं.

ही युक्ती मुळात टेक्सासची. साउथवेस्ट नावाची कंपनी १९७१ मध्ये तीन बोइंग ७३७ विमानांवर सुरू झाली. चौथं आणलं, पण पैशाची तंगी आली म्हणून ते १९७२ मध्ये विकावं लागलं. आता फेऱ्या चार विमानांच्या आणि विमानं तीन. मग त्यांनी ठरवलं, विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत फक्त दहा मिनिटं जमिनीवर थांबेल. त्या दहा मिनिटांत माणसं उतरणार, सामान निघणार, झाडलोट होणार, नवी माणसं चढणार. आणि ते जमलं.

मी गोदीत काम करतो, मला हे लगेच कळतं. जहाज समुद्रात असतं तेव्हा मालकाला कमावून देतं, धक्क्याला लागलं की मालकाला खातं. म्हणून जहाज लागल्याबरोबर मुकादमाचा आवाज चढतो. विमानाचंही तसंच. ते घेतलेलं असतं कर्जावर किंवा भाड्यानं. भाडं डॉलरमध्ये, महिना भरला की द्यायचं, विमान उडो की न उडो. म्हणून जो दिवसातून चारऐवजी सहा फेऱ्या मारतो त्याचा दर फेरीचा खर्च उतरतो. तेच दुसऱ्या गोष्टीचं. सगळी विमानं एकाच जातीची ठेवली की सुटे भाग एकाच जातीचे लागतात, मेकॅनिकला एकच यंत्र शिकावं लागतं, कुठलाही पायलट कुठल्याही विमानावर बसवता येतो. इंडिगोनं हेच केलं. २००६ ला उडायच्या आधीच, २००५ मध्ये, एअरबसकडं एकदम १०० विमानं सांगितली. घाऊक घेणाऱ्याला भाव पाडून मिळतो, हे तर आपल्या भाजीवाल्यालाही ठाऊक आहे.

ही खरी काटकसर. हिच्यात कोणाच्या पोटावर पाय येत नाही. आणि विशेष म्हणजे ती साउथवेस्ट कंपनी अमेरिकेतल्या सर्वात जास्त युनियन असलेल्या विमान कंपन्यांपैकी एक. लोडरला युनियन, पायलटला युनियन, हवाई सुंदरीला युनियन, आणि तरीही वर्षानुवर्षं तिकीट स्वस्त. पन्नासाहून जास्त वर्षं तिथं मोठी कामगारकपात झाली नव्हती. ती पहिल्यांदा झाली फेब्रुवारी २०२५ मध्ये, शेअरवाल्यांचा दट्ट्या बसल्यावर. म्हणजे युनियन असली की धंदा बसतो, हे जे आपल्याला शाळेपासून ऐकवतात, ते थोतांड आहे.

आता दुसरी तऱ्हा बघा. अमेरिकन एअरलाइन्सच्या साहेबाची एक गोष्ट धंद्यातले लोक कौतुकानं सांगतात. १९८० च्या दशकात त्यानं प्रवाशाच्या सॅलडमधलं एक ऑलिव्ह काढलं आणि म्हणे वर्षाला ४० हजार डॉलर वाचवले. ठीक आहे, ऑलिव्हविना कोणी मेला नाही. पण एकदा ताटातलं काढायची सवय लागली की हात पुढं कुठं थांबतो? आधी जेवण काढलं. मग जेवण विकायला ठेवलं. मग बॅगेचे पैसे, खिडकीचे पैसे, पाय पसरायचे पैसे. आणि ताटात काढण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा हात माणसाकडं वळला.

माझ्या मावशीचा पोरगा विमानतळावर लोडर आहे. कंपनीचा नव्हे, कंपनीनं नेमलेल्या कंपनीच्या कंत्राटदाराचा. विमान उतरलं की अर्ध्या तासात पोट रिकामं करून पुन्हा भरायचं. त्या पोटात ताठ उभं राहता येत नाही, गुडघ्यावर सरकत बॅगा ओढायच्या. मे महिन्यात आत भट्टी असते. पंचविशीत त्याची कंबर गेली. उशीर झाला तर कंपनी कंत्राटदाराला दंड लावणार आणि कंत्राटदार याचा दिवस कापणार. साउथवेस्टच्या दहा मिनिटांत आणि याच्या तीस मिनिटांत फरक काय? तिथं त्या घाईचा वाटा युनियन टेबलावर बसून मागत होती. इथं घाई याची, वाटा दुसऱ्याचा. विमानाचं कंत्राट दर दोन-तीन वर्षांनी निघतं आणि सर्वात कमी बोलीवाला ते घेतो. इंधनाचा भाव त्याच्या हातात नाही, ट्रॅक्टरचा नाही, विमानतळाच्या शुल्काचा नाही. हातात असतो फक्त याचा पगार. मग स्पर्धा कशावर होणार? याच्या कंबरेवर.

भाड्याचंही असंच. संध्याकाळी सात वाजता दादरला मेथीची जुडी अर्ध्या भावात मिळते, कारण सकाळी ती कुजणार. विमानाची सीट मेथीपेक्षा नाशवंत. दार बंद झालं की रिकाम्या सीटची किंमत शून्य. मग शेवटच्या दिवशी तिकीट स्वस्त व्हायला पाहिजे. होतं उलटंच. का? कारण कंपनीला अनुभवानं कळलंय की गिऱ्हाईक दोन जातींचं असतं. एक, ज्याला गोव्याला मजा करायला जायचंय. तो दोन महिने आधी भाव बघतो, महाग असलं तर जात नाही. दुसरा, ज्याला उद्याच पोचायचंय. म्हणून विमानातल्या १८० सीटा एका भावाच्या नसतात. त्यांचे कप्पे केलेले असतात. स्वस्त कप्पा भरला की बंद, मग त्यावरचा उघडतो. शेवटचे कप्पे उद्याच पोचायचं असलेल्या माणसासाठी राखून ठेवतात. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८५ मध्ये हे कॉम्प्युटरवर मोठ्या प्रमाणात चालवलं. मोजक्या सीटा प्रतिस्पर्ध्याइतक्या स्वस्त, बाकीच्या महाग. सगळ्याच सीटा स्वस्त विकणारी पीपल एक्स्प्रेस नावाची कंपनी १९८७ पर्यंत संपली.

ते सांगतात, हा उद्याच पोचायचं असलेला माणूस म्हणजे कंपनीच्या खर्चानं फिरणारा साहेब आहे. त्याच्याकडून जास्त घेऊन गरिबाला स्वस्त देतो. अर्धं खरं आहे. पण आपल्या वस्तीतला माणूस विमानाचं तिकीट कधी काढतो? गावी बाप गेला म्हणून फोन येतो तेव्हा. पोरीचा परदेशातला इंटरव्ह्यू अचानक ठरतो तेव्हा. दोन महिने आधी कोणाचा बाप मरणार हे कळत नाही. कॉम्प्युटरला साहेब आणि हा माणूस यांच्यातला फरक दिसत नाही. त्याला दिसते फक्त नड. आणि नडलेल्याकडून भाव वसूल करणं, याला आपल्या गावात सावकारी म्हणतात.

आता स्पर्धेचा शेवट कसा होतो ते बघा. ईस्ट-वेस्ट १९९६ ला बंद. दमानिया, मोदीलुफ्त त्याच दशकात गेल्या. एक रुपयाची एअर डेक्कन तोट्यात बुडत २००७ मध्ये मल्ल्यांच्या हातात गेली आणि किंगफिशरमध्ये विरली. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली, कामगारांचे महिनोनमहिने पगार बुडवून. जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली. तिचे कामगार पाच वर्षं आशेवर ठेवले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं कंपनी मोडीत काढायला सांगितली. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बसली. यातली प्रत्येक कंपनी मरायच्या आधी खर्चापेक्षा कमी भावात तिकीट विकत होती. कारण सोपं आहे. विमान उडणारच असेल तर रिकाम्या सीटपेक्षा हजार रुपये बरे. समोरचाही तोच विचार करतो. मग दोघं एकमेकांचा श्वास मोजत बसतात, आधी कोण मरतो? ज्याच्या मागं मोठं पाकीट तो जगतो. तुम्ही एक रुपयाचं तिकीट काढलंत तेव्हा बाकीचे पैसे बँकेनं भरले, म्हणजे तुमच्या-आमच्या ठेवींनी. आणि पगार बुडालेल्या कामगारांनी.

मालक लोकांना हे आवडतं असं समजू नका. स्पर्धेचे गोडवे भाषणात गायचे असतात. १९८२ साली अमेरिकन एअरलाइन्सच्या रॉबर्ट क्रँडलनं ब्रॅनिफ कंपनीच्या हॉवर्ड पटनमला फोन केला आणि सरळ सुचवलं की तू भाडं वीस टक्के वाढव, दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाढवतो. ऑलिव्ह काढणारा साहेब तो हाच. पटनमनं फोन टेप करून ठेवला होता, म्हणून जगाला कळलं. सरकारनं खटला भरला, तो पुढं समझोत्यावर मिटला. चार वर्षांपूर्वीच, १९७८ मध्ये, अमेरिकेनं भाड्यावरचं सरकारी नियंत्रण उठवलं होतं. खुली स्पर्धा होऊ दे, सगळ्यांचं भलं होईल म्हणून. आणि चार वर्षांत मोठे खेळाडू फोनवर भाव ठरवायला बघतात! आज फोनचीही गरज नाही. सगळ्यांचे कॉम्प्युटर एकमेकांचे भाव मिनिटामिनिटाला वाचतात.

आपल्याकडं आता उरलं कोण? २०२५ मध्ये देशातल्या दहा विमानप्रवाशांतले सहाहून जास्त एकट्या इंडिगोचे. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडं गेली. हे दोन गट मिळून शंभरातले नव्वद. बाकीच्यांनी उरलेल्यात भांडायचं. तीस वर्षांच्या स्पर्धेचं पीक हे असं आलंय.

आणि मक्तेदारी म्हणजे काय, ते डिसेंबर २०२५ मध्ये उघड्यावर दिसलं. पायलटच्या झोपेचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोन. पायलटांच्या संघटनांना त्यासाठी हायकोर्टात जावं लागलं. नियम दोन टप्प्यांत लागू झाले, जुलै आणि नोव्हेंबर २०२५. तयारीला जवळजवळ दोन वर्षं मिळाली, तरी सर्वात मोठ्या कंपनीकडं पायलट कमी पडले. इतकी वर्षं तिच्या काटकसरीत माणसाच्या झोपेचा वाटा किती होता, ते एका आठवड्यात कळलं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द. बॅगांचे ढीग, म्हातारी माणसं फरशीवर, आणि शिव्या खायला काउंटरवर उभी पंधरा-वीस हजार पगाराची पोरं. मालक कुठं दिसला नाही. दुसऱ्या कंपन्यांचं भाडं आकाशाला भिडलं.

मग सरकारनं काय केलं? ६ डिसेंबरला भाड्याला कमाल मर्यादा घातली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,०००, त्यापुढं १८,०००. म्हणजे बाजारात हात घालता येत नाही, हे जे सांगतात ते खोटं. रात्रीत घालता येतो. करोनाच्या काळात मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत भाड्याला वरची आणि खालची, दोन्ही मर्यादा होत्याच. आणि त्याच आठवड्यात सरकारनं दुसरं काय केलं? त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. फेऱ्या दहा टक्के कापायलाही लावल्या, हे खरं. पण झोप आधी कापली. ज्याची अर्धी बाजारपेठ त्याच्यापुढं नियम वाकतो. छोट्या कंपनीनं असं करून दाखवावं!

आणखी एक हिशेब. गो फर्स्ट बुडाली तेव्हा भाड्यानं विमानं देणाऱ्या परदेशी कंपन्यांची विमानं अडकली. त्या कोर्टात लढल्या. २०२५ मध्ये संसदेनं त्यांच्यासाठी खास कायदा केला, कंपनी बुडाली तर मालकाला आपलं विमान लवकर सोडवून नेता यावं म्हणून. त्यांचंही म्हणणं आहे, की नाहीतर भाडं वाढतं. असेल. पण लोडरनं दिलेली कंबर, पायलटनं दिलेली झोप, मेकॅनिकचा थकलेला पगार, हे सोडवून न्यायला कुठला खास कायदा? ते दिवाळखोरीच्या रांगेत उभे. विमानाला मालक आहे, घामाला नाही.

मग करायचं काय? विमानं बंद करा, सगळं सरकारी करा, असं मी म्हणत नाही. मी गोदीतला माणूस, तिथलंच सांगतो. पूर्वी गोदीत रोज सकाळी माणसांचा बाजार भरायचा. ज्याला मुकादम बोट दाखवेल त्याला काम, बाकीचे घरी. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला. त्यातून मंडळं झाली, कामगारांची नोंद झाली, पाळीनं काम मिळू लागलं, आणि काम नसलेल्या दिवसाचाही थोडा पैसा मिळू लागला. १९६९ ला महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला, त्याची कल्पना तीच. मालक कितीही असोत, दर एकच, आणि तो मंडळाकडं भरायचा. त्यामुळं मालकांनी स्पर्धा करायची ती डोक्यानं करायची, हमालाच्या पोटावर नाही. कंटेनर आले, कंत्राटदार आले, हे कायदे पोखरले गेले, तो वेगळा लेख. पण तत्त्व मेलेलं नाही.

तेच विमानतळावर आणा. लोडर, सफाईवाले, ट्रॉलीवाले, काउंटरवरची पोरं यांची एका मंडळाकडं नोंद करा. कंत्राट बदलू दे, माणूस बदलणार नाही, दर बदलणार नाही. पायलट आणि हवाई सुंदरी यांची झोप स्पर्धेच्या बाहेर काढा. कोणी कितीही मोठा असो, सूट नाही. भाड्याला कमाल मर्यादा कायमची ठेवा, संकट आल्यावर धावाधाव नको. आणि कंपनी बुडाली तर विमान न्यायच्या आधी कामगाराचे पैसे मोजा.

लगेच ओरड होईल की तिकीट महाग होईल, गरिबाचं विमान जाईल. एप्रिल २०१७ मध्ये पहिलं ‘उडान’ विमान उडालं तेव्हा हवाई चप्पल घालणारा हवाई जहाजात बसेल असं पंतप्रधान म्हणाले होते. तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये, बाकीचं सरकार भरणार. २०२३ च्या कॅगच्या अहवालात दिसलं की दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नव्हते. तेव्हा गरिबाच्या नावानं अश्रू ढाळणाऱ्यांनी आधी तो हिशेब द्यावा. लोडरला नीट पगार दिल्यानं तिकीट वाढलंच, तर किती वाढेल? एका विमानात १८० माणसं, खाली सामान चढवणारे मोजून सहा-सात. वाटून बघा. एक कप विमानतळावरचा चहा त्याहून महाग पडेल.

दोस्तहो, स्वस्त तिकीट मिळालं तर जरूर काढा. बापाच्या मातीला वेळेवर पोचा, आईला एकदा ढगांवरून न्या, कोणाचा बाप चोरून नेलेला पैसा नाही तो. लाज वाटून घ्यायचं कारण नाही. फक्त विमान थांबल्यावर खिडकीतून खाली बघा. पिवळं-हिरवं जाकीट घातलेला एक पोरगा पोटाचं दार उघडून आत सरकत असेल. तुमच्या तिकिटातली बाकी त्यानं भरलीय. ती त्याला परत मिळवून देणं, हा आपला विषय आहे.